सुईने घातलेला भराव

आपल्या मराठीची एक गंमत पाहा. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "दंडात देऊ की कमरेत?" आणि आपण म्हणतो, "कमरेत द्या." सुई टोचली जाते ती मात्र कमरेत नव्हे, चांगली वीतभर खाली. संस्कृत काव्यातला नितंब आपल्याला चालतो, आणि पोराला रागे भरताना घरात वापरायचा शब्दही आपल्याला पाठ असतो. पण या दोहोंच्या मध्ये चारचौघांत उच्चारावा असा एखादा सरळ शब्द आपल्याजवळ नाही. म्हणून कमरेचा आडोसा! शब्दाचा असा संकोच असला म्हणजे विषयही बंद दाराआड जातो, आणि बंद दाराआड झालेल्या वैद्यकीचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. तेव्हा वाचकहो, आज आपण हा संकोच थोडा बाजूला ठेवू, नितंब हाच शब्द वापरू आणि त्याविषयी सरळ बोलू.

विषय असा आहे. अंगावर शस्त्र न चालवता, नुसत्या सुईने नितंबांना थोडा भरीवपणा आणता येतो, असे आजची सौंदर्यवैद्यकी सांगते. त्यासाठी ज्या कुप्या वापरतात त्यांतील द्रव्यांना कोलॅजन-उत्तेजक असे म्हणतात. त्यांत तीन नावे प्रमुख आहेत. पहिले पॉलि-एल-लॅक्टिक आम्ल, बाजारातले नाव स्कल्प्ट्रा. दुसरे कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपटाइट, म्हणजे रेडिएस. तिसरे पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे एलान्से. यांतले कोणते निवडावे, असा प्रश्न पडलेली माणसे आज पुष्कळ आहेत. बायका आहेत तसे पुरुषही आहेत. हौसेने आलेले आहेत, तसे आजाराने अंग झडलेलेही आहेत. आता तुम्ही म्हणाल, हा प्रश्न वैद्यांचा. इतिहासाच्या मास्तराने यात कशाला पडावे? कारण एवढेच की, या कुप्यांच्या पाठीमागे सव्वाशे वर्षांची हकीकत आहे, आणि ती ठाऊक असली म्हणजे डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न बदलतात.

आधी कोलॅजन म्हणजे काय ते पाहू. सुतार लाकूड चिकटवायला जो सरस वापरीत असे, तो जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला असे. ग्रीक भाषेत सरसाला 'कोल्ला' म्हणतात, आणि ज्यापासून सरस निघतो ते कोलॅजन. आपल्या शरीरातल्या एकंदर प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा याचा असतो. कातडी ताठ राहते, स्नायू हाडाला धरून असतात, जखम भरून येते, ती याच्याच तंतूंमुळे. वय वाढले की हे तंतू विरळ होतात आणि अंग सैल पडते. हा तोटा भरून कसा काढावयाचा, हाच या साऱ्या कथेचा विषय आहे.

शरीरात कोठे उणे पडले तर ते शरीराच्याच मांसाने भरावे, ही आपल्याकडची जुनी विद्या. इ. स. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात पुण्याकडची एक हकीकत छापून आली. कावसजी नावाचा एक गाडीवान टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. तो शत्रूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळावरची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ते वाचून कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तोच प्रयोग यशस्वी केला. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीही. पण तिच्यातला मुद्दा असा की, ते नाक परके नव्हते. ते कावसजीच्याच कपाळाचे होते. परके द्रव्य सुईने आत घालावयाचे हे धाडस यानंतर शंभर वर्षांनी सुरू झाले. तोवर पोकळ सुई आणि पिचकारी निघाली होती.

ते धाडस केले व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी, इ. स. १८९९ साली. क्षयामुळे एका तरुणाचे वृषण काढावे लागले होते. त्या रिकाम्या जागी गेर्सुनींनी पातळ केलेले व्हॅसलिन टोचून भरले. आकार आला, रोगी समाधान पावला. झाले! युरोप-अमेरिकेत पॅराफिनची लाटच उसळली. बसलेली नाके, खोल गेलेले गाल, सुरकुत्या, स्तन, सगळीकडे मेण भरू लागले. शस्त्र नाही, गुंगी नाही, टाके नाहीत. दुपारी जावे आणि संध्याकाळी घरी यावे. आजच्या जाहिरातीत आणि त्या काळच्या स्तुतीत फार अंतर आहे, असे मला तरी वाटत नाही.

पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. १९०३ साली नाकात पॅराफिन टोचल्यावर रोग्याचा डोळा गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. द्रव्य रक्तवाहिनीत शिरले होते. त्याच वर्षी ग्लॅडिस डीकन नावाच्या, लावण्यासाठी सर्वत्र गाजलेल्या बावीस वर्षांच्या तरुणीने, नाकाची रेषा ग्रीक पुतळ्यासारखी सरळ व्हावी म्हणून पॅराफिन टोचून घेतले. ही बाई पुढे मार्लबरोची डचेस झाली. पण ते मेण जागेवर राहिले नाही; हळूहळू ओघळून हनुवटीकडे उतरले आणि तिथे गाठी झाल्या. असलेले रूप गेले. आणखी कित्येकांच्या अंगात वर्षा-दोन वर्षांनी, कधी दहा वर्षांनी, कठीण, लाल, दुखऱ्या गाठी उठल्या. त्यांना पॅराफिनोमा असे नावच पडले. त्या कापून काढाव्या तर मांसात इतक्या मुरलेल्या, की मांसच काढावे लागे.

असे का होते? शरीराची रीत समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल. पायात बाभळीचा काटा मोडला आणि आतच राहिला, तर शरीर प्रथम त्याला खाऊन टाकायला पाहते. खाता आला नाही तर त्याच्याभोवती भिंत बांधते. ती भिंत कोलॅजनची असते. पॅराफिन हा असा काटा की जो खाताही येत नाही आणि विरघळूनही जात नाही. म्हणून भिंतीवर भिंत चढत राहते, बांधकाम थांबतच नाही. आणि आता नीट लक्ष द्या. आजचे कोलॅजन-उत्तेजक द्रव्यही हेच करते! तेही बारीक कणांचा काटाच आहे, आणि शरीराने त्याच्याभोवती तंतू विणावे हाच तर त्याचा हेतू आहे. गेर्सुनींच्या काळी जो अपघात होता तोच आज उपचार झाला. फरक आहे तो इतकाच की काटा किती दिवस राहतो, किती दाट घातला, आणि शेवटी तो जातो की नाही. सबंध निवड या तीन गोष्टींवर आहे. मुद्रित पत्रकावरचे हसरे चेहरे पाहून ती होत नसते.

पॅराफिनच्या अनुभवाने जग शहाणे झाले असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सिलिकोनचे तेल आले. ते आधी यंत्रांच्या आणि विजेच्या कामासाठी होते. जपानात आणि मग अमेरिकेत ते स्त्रियांच्या छातीत टोचले जाऊ लागले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६५ साली त्याला औषध ठरवून निर्बंध घातले. नेव्हाडा राज्याने सत्तरीच्या दशकात ते टोचणे गुन्हाच ठरवला. तरी हे तेल मागल्या दाराने नितंबांकडे वळले. हॉटेलच्या खोल्यांतून, मैत्रिणींच्या घरी, परवाना नसलेल्या हातांनी, कधी कधी कारखान्यातला माल. फेब्रुवारी २०११ मध्ये लंडनची एक वीस वर्षांची मुलगी त्यासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेली. विमानतळाजवळच्या हॉटेलात तिला टोचले. तेल फुप्फुसांत गेले आणि ती मेली. टोचणारीला वैद्यकीचे शिक्षण नव्हते. २०१५ साली न्यायालयाने तिला खुनाबद्दल दोषी ठरवले. २०१७ च्या नोव्हेंबरात प्रशासनाला पुन्हा जाहीर इशारा द्यावा लागला, की शरीर घडवण्यासाठी सिलिकोन टोचून घेऊ नका.

ब्राझीलची गोष्टही याच माळेतली. तिथे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे ज्यापासून काचेसारखे प्लास्टिक करतात त्याचे बारीक मणी, नितंबांत भरण्याची पद्धत पसरली. हे मणी कायम राहतात, आणि 'कायम' हा शब्द गिऱ्हाइकाला गोड लागतो. जुलै २०१८ मध्ये रिओ दि जानेरोत एका डॉक्टराने स्वतःच्या घरी एका बाईला हे टोचले आणि काही तासांत ती दगावली. तिथे तर टोचणारा शिकलेला होता. तेव्हा नुसती पदवी पाहून भागत नाही. काय टोचणार आणि कुठे बसून टोचणार, हेही पाहावे लागते.

आता या अंधारातून दुसरी वाट कशी निघाली ते पाहू. कायम राहणारा काटा नको, तर जो आपले काम करून निघून जाईल असा हवा, असे लोकांना वाटू लागले. पहिला प्रयत्न सरळ होता. कोलॅजनच हवे ना? मग कोलॅजनच टोचा. १९८१ साली अमेरिकेत झायडर्म या नावाने गाईच्या कातडीतून काढलेल्या कोलॅजनला परवानगी मिळाली. आपल्याकडे कित्येकांना नुसते हे वाचूनच नको वाटेल, आणि ती भावना समजण्यासारखी आहे. शास्त्राची अडचण वेगळी होती. ते कोलॅजन शंभरातल्या काहींना सोसत नसे, म्हणून आधी हातावर थोडे टोचून चार आठवडे वाट पाहावी लागे. आणि टिके ते तीन ते सहा महिने. बाहेरून आणलेला सरस शरीर खाऊन टाकी. मग विचार पुढे गेला: आपण सरस न आणता शरीराकडूनच तो करवून घेतला तर?

त्याला लागणारे द्रव्य अगदी आपल्या घरातले निघाले. इ. स. १७८० साली स्वीडनच्या शेले या रसायनज्ञाने आंबलेल्या दुधातून एक आम्ल वेगळे काढले होते. ताकाला आंबटपणा देणारे तेच हे लॅक्टिक आम्ल. व्यायामाने स्नायूंत जे साठते म्हणतात तेही हेच. त्याचे रेणू एकाला एक जोडून साखळी केली की घट्ट, पण पाण्याने हळूहळू तुटत जाणारा पदार्थ होतो. १९६६ साली अमेरिकेतल्या लष्करी वैद्यकीय प्रयोगशाळेतून एक निबंध प्रसिद्ध झाला. हा पदार्थ प्राण्यांच्या शरीरात घातला तर अपाय न करता सावकाश विरून जातो, असे त्यात दाखवले होते. त्या निबंधावरचे पहिले नाव आहे आर. के. कुलकर्णी! हे आडनाव कृष्णेच्या दोन्ही तीरांवर सापडते, तेव्हा त्यावर एकट्या महाराष्ट्राने हक्क सांगू नये. पण वाचताना छाती थोडी फुगते हे कबूल केले पाहिजे. पुढे याच कुळातल्या पदार्थांचे आपोआप विरणारे टाके निघाले. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आत राहिलेला दोरा काढायला कोणी परत पोट उघडत नाही, त्याचे श्रेय या रसायनाला आहे.

टाके सोडून हे द्रव्य चेहऱ्यात भरावे असे का सुचले, याच्या मागे एक दुःखाची कथा आहे, आणि तीत आपली मुंबईही येते. १९९६ च्या सुमारास एड्सवर तीन औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला. मरणाऱ्या माणसांना आयुष्य मिळाले. पण त्यांतल्या स्टॅव्ह्युडिनसारख्या औषधांनी कातडीखालची चरबी झडू लागली. गाल खोल गेले, हातपाय काड्या झाले, आणि नितंब इतके ओसरले की लाकडी बाकावर बसणे दुखू लागले. रोग झाकला होता तो चेहऱ्याने उघडा पाडला; कचेरीत, नात्यागोत्यांत लोक बघताच ओळखू लागले. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरांत द्यायची तयारी दाखवली आणि गरीब देशांतल्या लाखोंसाठी दार उघडले. त्या तिहींत स्टॅव्ह्युडिन होते. एप्रिल २००४ मध्ये भारत सरकारने महाराष्ट्रासह काही राज्यांत हे उपचार फुकट सुरू केले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने स्कल्प्ट्राला परवानगी दिली, ती याच औषधांनी खोल गेलेले गाल भरण्यासाठी! म्हणजे एकाच वर्षी एका देशात जीव वाचवणारे, पण अंग झडवणारे औषध पोचले आणि दुसऱ्या देशात त्या झडीवरचा भराव. हा भराव आपल्या रुग्णाच्या खिशाला परवडणारा नव्हता. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडिन हळूहळू बंद करा असे सांगितले, हाच आपल्याकडचा खरा उपाय ठरला.

युरोपात हे द्रव्य १९९९ पासूनच न्यू-फिल नावाने होते. पॅरिसमध्ये पन्नास रुग्णांवर त्याचा अभ्यास झाला. कातडीची जाडी वाढली आणि दोन वर्षांच्या आसपास टिकली. पण पन्नासांपैकी बावीस जणांना कातडीखाली हाताला लागतील अशा बारीक गाठी झाल्या. दिसत नव्हत्या, लागत होत्या. का? पुढे अनुभवाने कळले की भुकटी फार थोड्या पाण्यात कालवली जात होती. काटे एका ठिकाणी दाट पडले की शरीर तिथे गाठ बांधते. मग पाणी वाढवले, भिजवण्याचा वेळ वाढवला, सुई खोल नेली आणि रुग्णाला चोळायला सांगितले: पाच मिनिटे, दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. गाठी कमी झाल्या. रसायन तेच, हात बदलला. वाचकहो, कोणते द्रव्य निवडावे एवढेच लोक विचारतात. ते किती पाण्यात कालवणार, हे विचारणारा अजून माझ्या ऐकण्यात नाही.

हे सगळे गालापुरते झाले. ते नितंबांपर्यंत उतरले ते चरबीच्या शस्त्रक्रियेमुळे. पोटाची चरबी नळीने ओढून नितंबांत भरायची, ही पद्धत ब्राझीलच्या नावाने जगभर लोकप्रिय झाली. वास्तविक ती कावसजीच्या नाकासारखीच. आपलेच मांस आपल्याला. पण नितंबांच्या स्नायूंत मोठमोठ्या शिरा आहेत. सुई खोल गेली, शीर फाटली, की चरबी थेट हृदयात आणि फुप्फुसांत पोचते. २०१७ साली प्लास्टिक सर्जनांच्या समितीने जगभरच्या सर्जनांकडून माहिती गोळा केली, तेव्हा सुमारे तीन हजार शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू असा हिशेब निघाला. नुसत्या हौसेच्या कामात हा आकडा भयंकर आहे. तेव्हापासून चरबी स्नायूत घालू नका, कातडीखालीच ठेवा, असा दंडक झाला. आणि बऱ्याच लोकांनी शस्त्रक्रियेचा विचारच सोडून सुईच्या कुपीकडे पाहायला सुरुवात केली.

तर आता कुप्या समोर ठेवू.

स्कल्प्ट्राच्या एका कुपीत खरे द्रव्य असते १५० मिलिग्रॅम. म्हणजे चिमूटभरही नव्हे. हिची मजा अशी की, टोचल्यावर लगेच जो फुगवटा दिसतो तो पाण्याचा असतो आणि दोन-चार दिवसांत उतरतो. माणूस घाबरतो, पैसे बुडाले म्हणतो. खरे काम त्यानंतर आठवड्या-आठवड्यांनी सुरू होते. म्हणून चार-सहा आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा बसावे लागते. कण फुटत फुटत शेवटी पाणी आणि कर्बवायू होऊन निघून जातात. विणलेले तंतू मागे राहतात आणि दोन वर्षांच्या आसपास साथ देतात. ज्याला घाई नाही आणि थोडा भरीवपणाच हवा आहे, त्याला ही बरी. लग्न पंधरा दिवसांवर आले म्हणून ही घेणाऱ्याला मात्र काहीच दिसणार नाही.

रेडिएसची प्रकृती वेगळी. हिच्यातले मणी म्हणजे आपल्या हाडांत आणि दातांत असतो तोच क्षार. ते एका दाट जेलमध्ये तरंगत असतात. जेलमुळे आकार लगेच दिसतो, पण ते जेल दोन-तीन महिन्यांत जाते आणि मग तंतूंवर भिस्त राहते. साधारण वर्ष-दीड वर्षाचा हा हिशेब. २००६ साली अमेरिकेत हिला चेहऱ्यासाठी परवानगी मिळाली, २०१५ साली हातांच्या पाठीसाठी. नितंबांवर ही बहुधा खूप पातळ करून वापरतात, आणि इथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. पातळ केलेल्या रेडिएसने आकार वाढत नाही. कातडीचा सैलपणा आणि खळगे कमी होतात. वजन उतरल्यावर कातडी लोंबली असेल तिथे हिचा उपयोग. आकार हवा म्हणून हिच्याकडे जाणे म्हणजे छप्पर वाढवायला सांगून भिंतीला गिलावा करून घेण्यासारखे आहे.

तिसरी, एलान्से, नेदरलंडमध्ये तयार झाली आणि २००९ पासून युरोपात आहे. तिच्या साखळ्या लांब-आखूड करून ती किती दिवस टिकावी हे ठरवता येते. हा गुण खरा. पण ज्याचा काटा जास्त दिवस राहतो त्याची चूकही जास्त दिवस राहते. पहिल्याच वेळी सर्वांत लांब मुदतीची कुपी घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. आणि इथे तिन्ही कुप्यांना लागू असलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ओठांत भरतात ते हायलुरोनिक आम्लाचे जेल चुकले तर हायलुरोनिडेज नावाचे पाचक टोचून विरघळवता येते. या तिघींना ते पाचक लागू पडत नाही. वाट पाहणे, गाठीत औषध टोचणे, नाहीच जमले तर कापून काढणे, एवढेच हातात राहते. ज्याच्या अंगावर साध्या जखमेचाही व्रण फुगून वाढतो, त्याने तर स्कल्प्ट्राच्या वाटेला जाऊच नये. भिंत बांधायला सांगितल्यावर थांबायचे कधी, हे अशा कातडीला कळत नाही.

आणि मापाचे काय? चरबीच्या शस्त्रक्रियेत एकेका बाजूला शेकडो मिलिलीटर चरबी घालतात. या कुप्या मुळात गालाच्या मापाने भरलेल्या आहेत. नितंब हा शरीरातल्या मोठ्यात मोठ्या स्नायूंवरचा प्रदेश. तिथे एका बाजूलाच कित्येक कुप्या लागतात, आणि तरीही चित्रपटातल्या नटीसारखा आकार येत नाही. कुप्यांनी येतो तो थोडासा गोलवा आणि कातडीचा ताठपणा. एवढ्यावर ज्याचे समाधान आहे त्यानेच या वाटेला जावे. कोणी दोन कुप्यांत मोठा आकार देतो म्हणाला, तर तो कुपीत दुसरेच काही भरून देत नाही ना, हे पाहावे. पाण्यासारखे स्वस्त आणि कायम टिकणारे म्हणून जे दिले जाते त्याची हकीकत वर आलीच आहे. अमेरिकेच्या प्रशासनाने या भरावांना दिलेली परवानगी नितंबांचा आकार वाढवण्यासाठी नाही, असे त्याच्याच जाहीर माहितीत स्पष्ट लिहिले आहे. तिथले डॉक्टर ती तरीही वापरतात, स्वतःच्या जबाबदारीवर. यात बेकायदा काही नाही. पण आपल्यावर होणारा प्रयोग परवानगीच्या चौकटीबाहेरचा आहे, हे रुग्णाला आधी कळले पाहिजे, नंतर नव्हे.

तेव्हा खोलीत गेल्यावर विचारावयाचे ते असे. कुपी माझ्यासमोर फोडणार का? किती पाण्यात, किती वेळ आधी कालवली? कातडीखाली ठेवणार की स्नायूत? स्नायूत म्हणाले तर उठून यावे, कारण त्या शिरा तिथेच आहेत. गाठ झाली तर कोण पाहणार, आणि त्याचे पैसे कोण देणार? यांतल्या एकाही प्रश्नाला वैद्यकीचे शिक्षण लागत नाही, आणि चांगला डॉक्टर यांनी रागावत नाही.

शेवटी एक बारीकशी गोष्ट राहिली, ती व्यवहाराची आहे. रेडिएसमधला क्षार हाडाचाच असल्यामुळे तो क्ष-किरणांच्या आणि सीटी स्कॅनच्या चित्रात पांढरा दिसू शकतो. वर्षभराने कंबर दुखते म्हणून तुम्ही दुसऱ्याच डॉक्टरकडे गेलात, आणि संकोचाने ही गोष्ट सांगितली नाहीत, तर ते पांढरे ठिपके पाहून तो भलत्याच रोगाच्या मागे लागेल. प्रत्येक कुपीवर नाव आणि घाणा क्रमांक छापलेली चिठ्ठी असते. ती मागून घ्यावी, पाठीमागे तारीख आणि कोणत्या बाजूला किती घातले ते लिहावे आणि घरातल्या औषधांच्या कागदांत जपून ठेवावी.